बारा हजारांत गेमिंग मॉनिटर : हट्ट पुरवा, पण पारखून

"बाबा, माझ्या स्क्रीनवर समोरचा दिसेपर्यंत मी मेलेला असतो!"

जेवणाच्या ताटावर अकरावीतल्या मुलाने हे वाक्य टाकले, की आईचा हात तव्यावरच थबकतो. मेलेला म्हणजे खेळात, हे कळायला तिला क्षणभर लागतो. बाबांना मात्र लगेच कळते, की आता खिशाला हात घालावा लागणार. घरात पाच वर्षांपूर्वीचा ऑफिसच्या धाटणीचा मॉनिटर आहे, तो चांगला चालतो आहे आणि चिरंजीवांना 'गेमिंग मॉनिटर' हवा आहे.

वाहन कारखान्यातल्या नोकरीपायी चाकण-पिंपरी सोडून हरियाणातल्या मानेसरला बिऱ्हाड थाटलेल्या कुठल्याही मराठी घरात हा संवाद घडू शकतो. मारुती सुझुकीचा इथला कारखाना २००७ मध्ये सुरू झाला, होंडाच्या दुचाकींचा त्याच्याही आधी. शाळेतून आल्यावर मुलाला जवळपास ना आते-मामेभाऊ, ना जुने मित्र. पुण्यातले सवंगडी भेटतात ते संध्याकाळी, संगणकावरच्या खेळात. म्हणून हा हट्ट निव्वळ चैनीचा म्हणून उडवून लावता येत नाही. पण भाडे, क्लासची फी आणि गावी पाठवायचे पैसे भागवून हाती उरतात ते दहा-बारा हजार. ते वाया जाता कामा नयेत.

मुलाचे म्हणणे किती खरे?

अर्धे खरे. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. यालाच ६० हर्ट्झचा रिफ्रेश रेट म्हणतात. म्हणजे एका चित्रानंतर दुसरे यायला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर हेच अंतर सातच्या आत येते. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या खेळात कोपऱ्याआडून डोकावणारा प्रतिस्पर्धी त्यामुळे किंचित आधी आणि पुष्कळ स्पष्ट दिसतो. ६० वरून १०० किंवा १४४ वर गेल्यावर फरक नवख्यालाही जाणवतो. १४४ वरून १८० वर गेल्यावर तो शोधावा लागतो, आणि २४० चा विचार या बजेटात करूच नये.

उरलेले अर्धे संगणकाच्या पेटीत दडलेले असते. मॉनिटर कितीही चपळ असो, ग्राफिक्स कार्ड सेकंदाला पन्नासच चित्रे तयार करत असेल तर पडदा एकावन्नावे कुठून दाखवणार? तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी मुलाला त्याचा आवडता खेळ सुरू करायला सांगावे. बहुतेक खेळांच्या सेटिंगमध्ये 'एफपीएस' हा आकडा पडद्यावर दाखवण्याची सोय असते. खेळ ऐन रंगात असताना तो ऐंशी-शंभरच्या वर टिकत असेल तर वेगवान मॉनिटर सार्थकी लागेल. चाळिशीतच घुटमळत असेल, तर आधी खेळातली चित्राची प्रत कमी करून पाहावी. तरीही हलला नाही, तर गरज मॉनिटरची नसून ग्राफिक्स कार्डची आहे. ही दहा मिनिटांची तपासणी न करता केलेली खरेदी बहुधा पस्तावा देते.

मोठा की नेमका?

दुकानात २७ इंची पडदा डोळ्यांत भरतो. पण या किमतीतल्या २७ इंची मॉनिटरवर पुष्कळदा तेच १९२० गुणिले १०८० ठिपके ताणून बसवलेले असतात. टेबलाशी, हातभर अंतरावर बसून पाहिले की अक्षरे भरड वाटतात. याच मॉनिटरवर प्रोजेक्ट आणि पीडीएफही वाचायच्या असतील, तर २४ इंचच बरा. २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा २७ इंची पडदा देखणा असतो, यात शंका नाही. पण तो बजेट ओलांडतो, शिवाय ग्राफिक्स कार्डावर जवळजवळ पावणेदोन पट ठिपके रंगवण्याचे ओझे टाकतो.

पडद्याच्या आतल्या पॅनेलचे तीन प्रकार आहेत. टीएन जुने आणि वेगवान; पण जरा बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. व्हीए पॅनेलवर काळा रंग खरोखर काळा दिसतो, अंधारातला सिनेमा पाहायला मजा येते. मात्र स्वस्त व्हीएवर काळोख्या दृश्यात हलत्या वस्तूमागे सावलीसारखा डाग ओढला जातो. आयपीएसचे रंग कुठूनही सारखे दिसतात आणि अलीकडे त्याचा वेगही पुरेसा झाला आहे. अभ्यास, खेळ आणि रविवारचा सिनेमा एकाच पडद्यावर चालणार असेल, तर आयपीएस घ्यावे.

खोक्यावरची मोठी अक्षरे

'१ एमएस' हे शब्द आता सर्रास दिसतात. ठिपक्याला रंग बदलायला लागणारा हा वेळ कंपन्या आपल्या सोयीच्या परीक्षेत मोजतात. 'एमपीआरटी' असे लिहिले असेल तर तो आकडा पडद्यामागचा दिवा झपाझप उघडमीट करून मिळवलेला असतो. तो पर्याय चालू केला की उजेड मंदावतो. 'एचडीआर' या अक्षरांनाही भुलू नये. २५०-३०० निट्स उजेडाच्या पडद्यावर ती नावापुरतीच असतात. वक्र पडदा २४ इंचांत दिसतो छान, कामाचा फारसा नाही.

ज्या शब्दासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत तो म्हणजे 'अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक' किंवा 'फ्रीसिंक'. संगणकाचा वेग वरखाली झाला तर मॉनिटरही त्याच्या तालावर चालतो आणि चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसत नाही. एनव्हिडियाची कार्डेही २०१९ पासून अशा मॉनिटरशी जुळवून घेतात, त्यामुळे त्या कंपनीच्या महागड्या वेगळ्या मॉनिटरची गरज उरलेली नाही.

आणि स्टँड! स्वस्त मॉनिटरचा स्टँड बहुधा वरखाली होत नाही. मग पडद्याखाली जाडजूड पुस्तके येतात. त्याला हरकत नाही. पण मागे वेसा माउंटची चार भोके आहेत ना, एवढे पाहावे. पुढेमागे आधाराचा दांडा किंवा भिंतीवरची चौकट लावता येते. पुष्कळ मॉनिटरमध्ये स्पीकरही नसतात, तेही आधी विचारलेले बरे.

नेहरू प्लेसची फेरी

मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तसे दिल्लीकरांना नेहरू प्लेस. मेट्रो मानेसरपर्यंत येत नाही, म्हणून बस किंवा रिक्षाने गुरुग्रामचे मिलेनियम सिटी सेंटर स्टेशन गाठायचे, हौज खासला मार्ग बदलायचा आणि कालकाजी मंदिरला पुन्हा. सुटीचा अर्धा दिवस जातो, पण पडदा डोळ्यांनी पाहता येतो आणि घासाघीसही होते. निघण्यापूर्वी ऑनलाइन भाव पाहून ठेवावा, म्हणजे घासाघीस कुठून सुरू करायची ते कळते.

२०२५ मधल्या भावांचा अंदाज असा : २४ इंची, १०० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर सुमारे सात-आठ हजारांत, १४४ ते १८० हर्ट्झचा साधारण दहा ते बारा हजारांत. सणासुदीच्या ऑनलाइन सवलतीत दोन्ही आणखी खाली येतात. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याहून मोठ्यांवरही तेवढाच झाला.

"बिल नको असेल तर थोडे कमी करतो," असे कुणी म्हणाले तर हात जोडून पुढच्या दुकानात जावे. बहुतेक नामांकित कंपन्या मॉनिटरला तीन वर्षांची वॉरंटी देतात, पण बिलाशिवाय तिचा उपयोग काय? मागच्या लेबलवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर तो तिथल्या तिथे पडताळता येतो. दुकानदाराने पुढे दाद दिली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. कार्यालयांतून निघालेले जुने मॉनिटर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, पण ते बहुतेक ६० हर्ट्झचे असतात. घरी एक तसला आहेच.

आईचे दोन प्रश्न

पहिला डोळ्यांचा. 'लो ब्लू लाइट' या शिक्क्याने डोळे शिणायचे थांबत नाहीत. पडदा हातभर लांब, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत, खोलीत दिवा चालू आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूर पाहणे, हे जास्त गुणकारी. 'फ्लिकर फ्री' असेल तर मात्र तो मॉनिटर निवडावा. मंद उजेडात काही पडदे डोळ्यांना न दिसणारी लुकलुक करतात आणि काहींचे डोके त्याने दुखते.

दुसरा, "हा पैसे लावून खेळणार नाही ना?" पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, प्रदर्शनीय प्रकारात का होईना, तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने हर्थस्टोन या खेळात कांस्यपदक मिळवले होते. हे बाबांनी मुलासमोर सांगावे की नाही, ते बारावी किती जवळ आली आहे त्यावर ठरवावे.

घरी आणल्यावर

नव्या मॉनिटरवरही मुलगा "काहीच फरक नाही" म्हणाला, तर घाबरू नये. विंडोज पुष्कळदा ६० हर्ट्झवरच चालू होते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ हाताने निवडावे लागते. केबल ग्राफिक्स कार्डाच्या खाचेतच लावावी. मदरबोर्डाच्या खाचेत लावली तर महागडे कार्ड नुसते बसून राहते. शक्यतो डिस्प्ले पोर्टची केबल वापरावी. जुन्या एचडीएमआय केबलवर किंवा खाचेवर वेग अडू शकतो. मग पडदा क्रमाने पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा करून मेलेले ठिपके शोधावेत, तेही पहिल्याच दिवशी. किती ठिपके मेले तर बदलून देणार, याचा प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो आणि परतीची मुदत थोडीच असते.

ती मुदत संपली तरी खोके आणि आतला थर्माकोल फेकू नये. बदलीची नोकरी आहे. मानेसरच्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे पुण्याला जातो, आणि परतीच्या ट्रकमध्ये मॉनिटर मूळ खोक्यातच सुखरूप राहतो.