घरी लावलेला रंग बिघडला तर

केस तपकिरी व्हायचे ते काळेकुट्ट झाले, की पहिली धाव फिकट रंगाच्या दुसऱ्या पाकिटाकडे जाते. तिथेच थांबा. रंगावर रंग चढवून केस उजळत नाहीत. पक्क्या हेअर डायमधले बारीक रेणू केसाच्या आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि आतच अडकतात. म्हणून धुऊन रंग थोडाच उतरतो. तरी पहिले काही दिवस कोंड्याचा शाम्पू वापरून पाहावा; नंतर कंडिशनर हवाच. कलर रिमूव्हर हे मोठे रेणू पुन्हा तोडतो, पण पेरॉक्साइडने उडालेला मूळ रंग परत देत नाही. त्यामुळे खालून नारिंगी छटा डोकावते.

आधी मेंदी लावली असेल तर घरी ब्लीच करूच नका. काही तयार काळ्या मेंदीत धातूंचे क्षार असतात. ब्लीचमधले पेरॉक्साइड त्यांना लागताच केस तापतात, तुटतातही. पार्लरमध्ये आधी एकाच बटेवर चाचणी करून घ्या.

डोक्याला खाज सुटली, पापण्या सुजल्या तर रंगाची चिंता बाजूला ठेवा. ही रंगातल्या पीपीडी या रसायनाची अॅलर्जी असू शकते. डोके भरपूर पाण्याने धुवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास झाला तर तडक रुग्णालय गाठा.