दर्या की दऱ्या?

‘सह्याद्रीच्या दर्या.’ पान ४१, वरून सातवी ओळ. पाचशे प्रती छापून, बांधून, टेम्पोतून घरी आल्या आणि त्यानंतर मला ही ओळ दिसली. लेखिकेने लिहिलं होतं ‘दऱ्या’, डोंगरातल्या. आम्ही छापला समुद्र!

पोटापाण्यासाठी मी मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करते. आमच्याकडे चूक झाली तर फार कोणी हादरत नाही. रात्री अपडेट टाकायचं, सकाळी लोकांच्या फोनवर सगळं ठीकठाक. सात वर्षं या सवयीत काढली आणि मग पुस्तक छापायला निघाले.

झालं असं, की माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलांबद्दल, डोंगर उतरून शाळेत येण्याबद्दल तिने दोन वर्षं लिहून ठेवलेलं. तीन ठिकाणी पाठवलं. दोघांकडून काहीच नाही, तिसऱ्यांची यंदाची यादी भरलेली. फोनवर ती इतकी शांतपणे हे सांगत होती, की मी बोलून गेले, ‘मी काढते.’

हे डोक्यात आलं कुठून, तर अरुण कोलटकरांकडून. कवी म्हणून ते तुम्हाला माहीत असतील. मला आधी भेटले ते डिझायनर म्हणून. जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, जाहिरातींच्या जगात नाव कमावलेला माणूस. १९७६ साली मुंबईत आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ सुरू केलं. ‘जेजुरी’ त्यातूनच आलं आणि तिथल्या पुस्तकांची मुखपृष्ठं कोलटकरांनी केली. पुढच्याच वर्षी अशोक शहाणेंच्या ‘प्रास’ने त्यांच्या मराठी कविता काढल्या. प्रकाशक मिळेना म्हणून रडत न बसता आपणच प्रकाशक व्हायचं, आणि पुस्तक दिसायलाही आपल्याला हवं तसंच दिसलं पाहिजे, हा हट्ट मला भयंकर आवडला.

ऑफिसमध्ये नवं काम आलं की आम्ही मूडबोर्ड करतो, म्हणजे आवडलेली चित्रं, रंग एका जागी चिकटवून ठेवतो. या पुस्तकासाठीचा बोर्ड इंटरनेटवरून आलाच नाही. रद्दीच्या दुकानात ‘दीपावली’चे जुने अंक मिळाले, दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांचे. ते रंग बघून स्क्रीनवरचे माझे गुळगुळीत ग्रेडियंट मला अगदीच आजारी वाटायला लागले. एसटीच्या पाट्या, लग्नपत्रिका, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळ्यांचे फोटो काढत सुटले. आई म्हणाली, ‘पत्रिकाच बघतेयस तर...’ (असो.)

पत्रिकांच्या नादानेच पेठेतल्या एका प्रेसमध्ये पोचले. तिथे एक काका अजूनही ट्रेडल मशीनवर छोटी कामं छापतात. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, एकेक उचलून जुळवायची. मी टेचात माझ्या पुस्तकाचं पहिलं पान दाखवलं. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘हिंदी पुस्तक आहे का?’

‘नाही, मराठी.’

‘मग ल हिंदी का?’

मी बघतच राहिले. मराठीत आपण दोन गाठींचा ल काढतो, हिंदी वळणाचा ल वेगळा. श चंही तसंच. सात वर्षं मी बटणांवर, मेन्यूत मराठी मजकूर लावत होते आणि फोन देईल ते अक्षर मुकाट्याने घेत होते. डिझायनर म्हणवून घेते आणि स्वतःच्या भाषेतलं अक्षर परकं आहे, हे मला दिसलंच नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी लाज वाटली.

घरी येऊन फाँट शोधत बसले आणि ‘टिरो देवनागरी मराठी’ सापडला. फुकट आहे, आणि त्यात ल, श आपल्या वळणाचे आहेत. त्याहून भारी गोष्ट म्हणजे त्याच्या घडणीमागे निर्णयसागरच्या अक्षरांची प्रेरणा आहे. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींनी मुंबईत उभारलेला हा छापखाना. तिथली अक्षरं कोरली राणोजी रावजी आरू यांनी. माझ्या लॅपटॉपवरच्या अक्षराचे पूर्वज शिशाचे होते, आणि ते काकांच्या चष्म्यातून मला भेटले.

मग बाकीचं शिक्षण सुरू झालं. पुस्तकाची पानं सोळा-सोळाच्या फॉर्मात वाढतात, म्हणून आमची ९२ पानं ९६ झाली. कागदाचा ग्रेन आडवा गेला तर पुस्तक नीट उघडत नाही. पहिली डमी हातात धरली की उंदराच्या पिंजऱ्यासारखी मिटायची. रंगांचं तर विचारूच नका. स्क्रीनवरचा पोपटी कागदावर भेंडीच्या भाजीचा झाला.

आणि पैसे. कागद, छपाई, बांधणी मिळून ३८ हजार, नव्या लॅपटॉपसाठी साठवलेल्यातून. म्हणजे प्रतीला ७६ रुपये. किंमत ठेवली १८०. वितरकाने ४५ टक्के मागितले, उरले ९९. त्यातून ७६ गेले, लेखिकेचे १० टक्के, म्हणजे १८, गेले. एका प्रतीमागे मला पाच रुपये! त्यातून भेटप्रती, टेम्पो. तेव्हाच ठरवलं, जमेल तितकी पुस्तकं आपणच पाकिटात घालून पाठवायची.

अशात ते पान ४१ समोर आलं. मैत्रिणीने जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेलं मी युनिकोडमध्ये बदललं, तेव्हा कुठेतरी ऱ्य चा र्य झाला. इतर ठिकाणचे पकडले, हा निसटला. चूक माझीच. पुन्हा छापायला पैसे नव्हते. मैत्रिणीला फोन केला तेव्हा आधी पलीकडे शांतता, मग म्हणाली, ‘अगं, माझी मुलं वाचतील ना हे.’ तिने काहीही बोललं असतं तरी चाललं असतं, हे लागलं.

काकांकडे गेले. ते म्हणाले, ‘शुद्धिपत्र लाव की. पूर्वी सगळेच लावायचे.’ दोन ओळींचं शुद्धिपत्र त्यांनी मलाच जुळवायला लावलं. देवनागरीचे खण इतके, की ऱ्य शोधायलाच वीस मिनिटं गेली. खिळे उलटे वाचायचे असतात, त्यामुळे पहिल्या वेळी मी परत समुद्रच जुळवला होता. काकांनी काही न बोलता चिमट्याने तो काढून ठेवला.

पाचशे चिठ्ठ्या छापल्या. बोट फिरवलं की अक्षर हाताला लागतं. प्रत्येक प्रतीत पान ४१ ला एकेक ठेवत मी आणि मैत्रीण रात्रभर बसलो. तिने वीस प्रती शाळेत नेल्या. चौथीतल्या एका मुलीने विचारलं म्हणे, की ही चिठ्ठी माझ्याच पुस्तकात आहे का सगळ्यांच्या?

तीन महिन्यांत ३१० प्रती गेल्या, त्यातल्या दोनशेच्या वर पाकिटातून. उरलेल्या माझ्या पलंगाखाली आहेत. दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित आलंय, १४० पानांचं. १४४ करावी लागणार. प्रुफं मैत्रीण वाचतेय.