फुलापुढे अधांतरी

कमी पाण्यावर तगणारी सदाफुली सोलापुरात घरोघरी असते. सांजवेळी तिच्यापाशी थांबा. अधांतरी राहून फुलात लांब सोंड घालणारा जीव हमिंगबर्ड नव्हे. ते पक्षी अमेरिकेतलेच. हा हॉक मॉथ, एक पतंग! त्याच्या काही जाती सेकंदाला सुमारे ७० वेळा पंख मारतात. पंख २ सेंटिमीटर धरला, तर दर फेरीत टोक सुमारे ८ सेंटिमीटर फिरते. म्हणजे १/१००० सेकंदात साडेपाच मिलिमीटर. छायाचित्रात पंख पुसटच येणार. वेगवान शटरसाठी महागडा कॅमेरा कशाला? इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची शक्ती कमी केली की लखलखाट १/१०००० सेकंदापर्यंत आखडतो, पुसटपणा अर्ध्या मिलिमीटरवर येतो. प्रकाश मात्र घटतो; म्हणून फ्लॅश फुलाजवळ धरा. पतंगामागे धावू नका. फुलावर फोकस आधीच साधून ठेवा.