धावपट्टी उरते, विमान जाते

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली. जिल्ह्यातल्या परळीला रेल्वे कधीच पोचली होती. जिल्ह्याच्या गावाला मात्र एवढी वाट पाहावी लागली. त्याच दिवसांत ओळखीतल्या एका बारावीच्या मुलाने विचारले, “काका, विमान चालवायला शिकायचं तर आपल्याकडं कुठं?” उत्तर शोधताना मी छोट्या विमानतळांच्या इतिहासात शिरलो.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाचा ताबा घेऊन करायचे. सुरुवातीचा बराच वेळ एकाच धावपट्टीभोवती जातो: उडायचे, वळायचे, समांतर यायचे, उतरायचे, पुन्हा उडायचे. म्हणून शिकाऊ वैमानिकाला मोठा विमानतळ नको असतो. त्याला मोकळे आकाश हवे असते.

मुंबईच्या जुहूला ते होते. १९२८ साली तिथे धावपट्टी झाली. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूलाच उतरले. पावसाळ्यात तिथे चिखल होई, म्हणून टपालाचे विमान पुण्याहून उडवावे लागे. पुढे प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली, आणि तिथली गर्दी वाढली तशी शेजारच्या जुहूवर घिरट्या घालणारी शिकाऊ विमाने अडचणीची ठरू लागली. आज जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टर आहेत. क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला गेले. धावपट्टी जागेवर राहिली, शाळा उठली.

मोठ्या शहरातून उठलेली शाळा लहान गावात जाईल आणि तिथली निजलेली धावपट्टी जागी होईल, असा हिशेब कोणीही मांडेल. मराठवाड्यात तो जमला नाही. २००९ मध्ये राज्यातले पाच विमानतळ ९५ वर्षांच्या कराराने रिलायन्सच्या कंपनीकडे गेले: नांदेड, लातूर, धाराशिव, बारामती, यवतमाळ. त्यातले तीन आपल्या मराठवाड्यातले. लातूर-धाराशिवला नियमित प्रवासी सेवा रुजली नाही. नांदेडला २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतून हैदराबादचे विमान सुरू झाले, तरी सेवा अखंड राहिली नाही. शेवटी विमानतळ परत घेण्याची भाषा सरकारलाच करावी लागली. त्याच करारातल्या बारामतीला मात्र वैमानिक घडवणाऱ्या संस्था टिकल्या, आणि प्रवासी विमान नसतानाही तिथली धावपट्टी वापरात राहिली.

फरक डांबराचा नव्हता. शिकाऊ विमानाला काहीशे मीटर पट्टीही पुरते. पण सर्वसाधारण पिस्टन इंजिनाला जेटचे इंधन चालत नाही. त्याचे वेगळे पेट्रोल आणावे लागते. हँगर, दुरुस्ती अभियंता, प्रशिक्षक, कुंपण, अग्निशमनाची सोय आणि रेडिओवर बोलणारा माणूस हवा. विमानतळ चालवणाऱ्याला मात्र शिकाऊ विमानाच्या उतरण्यातून मिळते फार थोडे. प्रवासीच नफा देतात असे धरून बसले, की प्रवासी येईपर्यंत काही करायचे नाही, हे आपोआप ठरते. वापर नसलेल्या पट्टीवर भेगांतून गवत येते, मग बाभळी, मग जनावरे. परत सुरू करायचा खर्च वाढत जातो, आणि त्या खर्चाकडे बोट दाखवून ती आणखी काही वर्षे बंद ठेवता येते.

बीडला प्रवासी विमानतळ नाही. त्याची मागणी करताना आपण मुंबईला किती तासांत पोचू, एवढेच मोजतो. पट्टीवर रोज सकाळी किती मुले उडतील, हेही मोजायला हवे. त्या मुलाला मी बारामती आणि धुळे ही दोन नावे दिली. त्याने लगेच विचारले, “लातूर जवळ आहे की, तिथं का नाही?”