आलेखाचा कौल आणि डॉक्टरांचा निर्णय

फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढण्याची डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिचा कौल अंतिम मानण्याची आपली प्रवृत्ती मात्र तपासली पाहिजे. १९८९ च्या एका व्यापक आढाव्यानुसार ही चाचणी शंभर हृद्रोग्यांपैकी सरासरी ६८ जणांचा रोग हेरते आणि शंभर निरोग्यांपैकी २३ जणांना विनाकारण रोगी ठरवते. आता, काही तक्रार नसलेल्या हजार तरुणांत पन्नासच रोगी आहेत असे धरू. खरे सदोष आलेख ३४, खोटे सुमारे २१८. म्हणजे सदोष आलेख हाती पडलेल्या दर सातांपैकी सहा जण निरोगीच! त्यांच्या वाट्याला येते ती चिंता आणि अँजिओग्राफीचा खर्च. उलट, चालताना छातीत कळ येणाऱ्या हजार वयस्कांत नऊशे रोगी असतील, तर निर्दोष आलेखवाल्या दर पाचांपैकी चौघांना रोग असतोच. वय, लिंग व लक्षणे यांवरून हे गणित डायमंड व फॉरेस्टर यांनी १९७९ मध्ये मांडले. तात्पर्य, शंका अर्धीमुर्धी असते तेव्हाच ही चाचणी निर्णयाचे पारडे खऱ्या अर्थाने फिरवते. म्हणून रुग्णाची हकिकत ऐकण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. आलेखाचा अर्थ तेथेच ठरतो.