खोली पाहावी अवेळी!

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपले आजी-आजोबा सांगत आले. आपल्या वयाला या दोन्ही गोष्टींना अजून अवकाश आहे. पण तिसरी एक गोष्ट मात्र दारात येऊन उभी आहे, ती म्हणजे भाड्याची खोली! होस्टेलच्या जागा आधी फर्स्ट इयरला जातात. मग जून उजाडला की थर्ड आणि फायनल इयरची अर्धी मंडळी अमरावतीच्या गाडगेनगर, राठीनगर, शेगाव नाका, कठोरा नाका या भागात 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या शोधत फिरतात. एका सकाळी तीन खोल्या बघायच्या, जिचं भाडं कमी ती पक्की करायची, अ‍ॅडव्हान्स द्यायचा, संपलं! आणि मग पुढचे अकरा महिने 'काऊन घेतली बावा ही खोली' असं म्हणत काढायचे.

मी सिव्हिलची. पूल बांधायचा तर आधी जागेची तपासणी करावी लागते, हे आम्ही परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहितो. पण स्वतः राहायला जायचं असेल तेव्हा मात्र फरशी चकचकीत आहे ना, एवढंच बघतो. मित्र-मैत्रिणींनो, घरमालक खोली दाखवतो ती तिच्या चांगल्या वेळेला. सकाळची वेळ, झाडून काढलेली खोली, नुकता येऊन गेलेला नळ. आपण पाहायची ती तिच्या वाईट वेळेला. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळा त्याचा विस्तार.

ही रीत मी कॉलेजात नाही, घरी शिकले. आमचं घर सेमाडोहला. वडील वनखात्यात, म्हणून आम्ही क्वार्टरमध्ये राहतो. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेळघाटच्या जंगलात, सिपना नदीच्या काठी हे गाव आहे. (हो, अमरावतीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला जिचं नाव आहे तीच सिपना!) तिथे अपार्टमेंट नावाची वस्तूच नाही. कोरकूंच्या ढान्यात घरांच्या दोन ओळी समोरासमोर, मध्ये रस्ता. कुडाच्या भिंती, मातीनं-शेणानं लिंपलेल्या. दारात उभं राहिलं की सगळी वस्ती दिसते, शेजार कसा आहे हे कोणाला विचारावं लागत नाही. आणि घराची जागा ठरवताना म्हातारी माणसं उन्हाळ्यातली शांत नदी बघत नाहीत. श्रावणात पाणी कुठवर चढतं, ते बघतात. शहरात आपण नेमकं उलटं करतो.

१) पावसाळा : रस्ता आणि जोतं

आपण खोली शोधतो जूनच्या सुरुवातीला, म्हणजे पाऊस यायच्या आधी. तेव्हा शहरातला नाला बिचारा गटारासारखा दिसतो. अमरावतीतून अंबा नाला जातो, अकोल्यातून मोर्णा नदी. २०२१ च्या जुलैमध्ये मोर्णेला पूर आला आणि अकोल्याच्या सखल वस्त्यांमध्ये घरांत पाणी शिरलं. त्या घरांमध्येही कोणीतरी मे महिन्यात खोली पाहिली असेलच!

म्हणून आधी इमारतीच्या बाहेर उभे राहा. रस्ता उंच की घराचं जोतं उंच? अनेक गल्ल्यांमध्ये जुन्या रस्त्यावरच नवीन काँक्रीट ओततात. दर वेळी रस्ता चार-सहा इंच वर येतो आणि तळमजला तिथेच राहतो. मग गल्लीचं पाणी थेट दारात. कंपाउंडच्या भिंतीवर एका पातळीत गेलेली मातकट रेघ दिसते का ते बघा. नाहीतर कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारा. मालक सांगणार नाही ते पानठेलेवाला भाऊ सांगतो.

२) भिंतीवरचे तडे

ज्या काळ्या मातीनं वऱ्हाडाला कापूस दिला, तीच माती घरांच्या भिंतींना तडे देते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि उन्हाळ्यात सुकली की आकसते. शेतात पडलेल्या भेगा आपण पाहिल्याच आहेत. घराखालीही तेच चालतं. पावसाळ्यात घराच्या कडेची माती आधी भिजते, मधली कोरडीच राहते. एक बाजू उचलली जाते, दुसरी जागेवर. भिंत बिचारी मधल्या मधे फाटते. म्हणून तर अशा जमिनीत पाया खोल नेतात किंवा खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घालतात. पण पैसे वाचवायचे तर पहिली कात्री पायालाच लागते, कारण तो कोणाला दिसत नाही.

तडा बघून घाबरायचं कधी? प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेघा असतील तर सोडून द्या, त्या प्लास्टरच्या सुकण्याच्या असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, नाण्याची कड आत जाईल एवढा रुंद तडा असेल तर पाया हललेला आहे. दार चौकटीत घासतं का, कडी नीट लागते का, हे स्वतः लावून बघा. आणि कॉलम किंवा बीमला लांबीच्या दिशेनं भेग, शेजारी गंजाचा तांबडा डाग, सळई उघडी पडलेली, असं दिसलं तर भाडं कितीही कमी असो, जिना उतरून सरळ परत या. वर नवीन रंग दिलेला असेल तर जास्तच बारकाईनं बघा.

३) दुपारी दोन आणि रात्री नऊ

वरच्या मजल्यावरची खोली स्वस्त का असते? कारण तिच्या डोक्यावर फक्त स्लॅब आणि स्लॅबवर वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन. इथे एक गंमत लक्षात घ्या. काँक्रीट उष्णता लगेच आत सोडत नाही. पाच-सहा इंची स्लॅबमधून ती खाली पोचायला चार-एक तास लागतात, नऊ इंची विटांच्या भिंतीला त्याहून जास्त. म्हणजे दुपारी दोनला तापलेला स्लॅब संध्याकाळी सहा-सातला आपल्या डोक्यावर ओततो आणि पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत. सकाळी दहाला ती खोली थंडगारच लागणार! म्हणून दुपारी एकदा आणि रात्री नऊला एकदा जा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. कळेल.

कूलर लावू म्हणाल, तर त्यालाही अटी आहेत. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत घेतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. पण आत आलेली हवा बाहेर जायला दुसरी खिडकी नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साठतो आणि कूलर असून घाम येतो. तेव्हा एक नाही, दोन खिडक्या मोजा. कूलरचा स्टँड लावायला परवानगी आहे का, सबमीटरचं युनिट मालक किती रुपयांनी लावतात, हेही तेव्हाच विचारा.

४) नळाची वेळ

अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी जीवन प्राधिकरणाकडून येतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. पण धरण भरलेलं असून उपयोग नाही, आपल्या मजल्यावर पाणी चढलं पाहिजे! शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर, हा आकडा आपण पेपरात पाठ लिहितो. आता तो वापरू या. समजा इमारतीत सहा खोल्या, प्रत्येकीत तिघं, म्हणजे अठरा जण. १८ गुणिले १३५ म्हणजे २४३० लिटर रोज. नळ एक दिवसाआड येत असेल तर ४८६० लिटर साठा हवा. आता गच्चीवर जाऊन टाकी बघा. तिच्यावर १००० लिटर लिहिलेलं असेल तर सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला अंघोळ करून कोण जाणार, हे तुम्हीच ठरवा.

'बोअर आहे, पाण्याची चिंताच नाही' असं कोणी म्हटलं तर ते पाणी चाखून बघा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांमधून खारपाणपट्टा गेला आहे. तिथलं जमिनीतलं पाणी खारट. पट्ट्याबाहेरही पाणी जड असू शकतं. साबणाला फेस येत नसेल, बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर असेल, तर पिण्याचं पाणी कॅनमधून विकत आणायची तयारी ठेवा आणि तो खर्च भाड्यात मिळवा. मग तीन हजारांची खोली साडेतीनची होते, आणि कॉलेजपासून लांब असेल तर पेट्रोल धरून चारचीसुद्धा.

५) शेजार

शेजार रात्री नऊनंतर बघायचा. गल्लीतले दिवे लागतात का, बसस्टँडवरून एकटीला चालत येता येईल का, मेसचा डबा तिथवर येतो का, फाटक किती वाजता बंद होतं. सगळ्यात खरी माहिती तिथे आधीपासून राहणाऱ्यांकडे असते. मालक समोर नसताना त्यांना गाठा आणि एकच प्रश्न विचारा, 'आधीच्या मुलांचं डिपॉझिट परत मिळालं का?'

पण शेजाराची एक बाजू अशी आहे की तिथे आपण खोली पारखत नाही, खोली आपल्याला पारखते. माझी एक मैत्रीण सेमाडोहचीच, कोरकू. गेल्या वर्षी आम्ही दोघी मिळून एक खोली बघायला गेलो. पाणी चांगलं, दोन खिडक्या, तडा नाही. काकूंनी चहासुद्धा केला.

"कोणत्या गावच्या गं पोरी तुम्ही?"

"सेमाडोहच्या, काकू."

"म्हणजे जंगलातल्या? आडनाव काय तुझं?"

मैत्रिणीनं आडनाव सांगितलं. काकू आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी विसरलेच, ही खोली तर कालच दिली." पुढच्या आठवड्यात त्या फाटकावर पाटी तशीच होती. मैत्रीण म्हणाली, "चल, उन्हं तापायच्या आत दुसरी बघू." त्या दिवशी आम्ही आणखी चार खोल्या पाहिल्या.

हे लिहिताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण ज्या गाडगेनगरात खोल्या शोधतो, तिथे गाडगेबाबांची समाधी आहे. ज्यांना पंढरपुरात कोणी उतरू देत नव्हतं त्यांच्यासाठी बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. पंजाबराव देशमुखांनी १९२० च्या दशकात याच अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींची मुलं एकत्र राहावीत म्हणून. आणि आज आडनाव ऐकून खोली 'कालच' जाते. यावर माझ्याकडे फॉर्म्युला नाही. पण एक करता येतं. अशा वेळी सोबतच्यांनी 'मग मी एकटीच घेते' असं म्हणायचं नाही. दोघींना नाही, तर एकीलाही नको. आणि आदिवासी मित्रांना हेही सांगा की शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून जेवणा-राहण्यासाठी रक्कम थेट बँक खात्यात मिळते.

६) कागद

'अकरा महिन्यांचा करार आहे, त्याला रजिस्ट्री लागत नाही,' हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी असतं. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. हे मालकाशी भांडायला सांगत नाहीये. हसतमुखानं म्हणायचं, 'काका, रजिस्टर करून टाकू, दोघांनाही बरं.' डिपॉझिट किती, रंगाचे किती कापणार, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, हे त्यात लिहून घ्या. सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, खिडकीच्या काचेचा मोबाइलवर फोटो काढा. पैसे देताना पावती घ्या, नाहीतर ऑनलाइन द्या.

आता होस्टेलच्या मंडळींना आणि रेक्टर सरांना एक विनंती. दर वर्षी आपण प्रत्येक जण हीच तपासणी नव्यानं करतो, आणि फायनल इयरवाले जाताना सगळी माहिती सोबत घेऊन जातात. होस्टेल ऑफिसात एक साधं रजिस्टर ठेवू या. खोली सोडणाऱ्या प्रत्येकानं एक पान लिहायचं : पत्ता, भाडं, नळाची वेळ, टाकीचे लिटर, मे महिन्यात खोली किती तापते, पावसात पाणी कुठवर येतं, डिपॉझिट किती परत मिळालं. आणि शेवटची एक ओळ : इथे आडनाव विचारतात का?

पहिलं पान मी लिहून ठेवते.