वारसा आणि वेळापत्रक

अमेरिकेतील प्राथमिक शाळांमध्ये सप्टेंबरचा मध्य उजाडला की वर्गावर्गांतून कातरलेल्या रंगीत कागदांच्या जाळीदार पताका झुलू लागतात, घेरदार झग्यांतल्या चिमुकल्या मुली मेक्सिकोतील लोकनृत्याची पावले टाकतात, आणि आयाबाया घरून मक्याच्या पदार्थांची भांडी झाकून घेऊन येतात. स्पॅनिश भाषिक मुलखांच्या वारशाचा हा सोहळा १५ सप्टेंबरपासून १५ ऑक्टोबरपर्यंत चालतो. १९६८ साली, लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना, तो अवघ्या एका सप्ताहाचा होता. १९८८ मध्ये कायद्याने त्याचा महिना झाला. आरंभाची तारीखही विचारपूर्वक योजलेली आहे, कारण ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर, निकाराग्वा आणि कोस्टारिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबर हाच असून मेक्सिकोचा त्याच्या दुसऱ्याच दिवशी येतो.

या उत्सवाला नुसती हौस म्हणून हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात ठिकठिकाणी मेक्सिकन वंशाच्या मुलांना गोऱ्या मुलांपासून निराळ्या शाळांत बसविण्याची वहिवाट होती. वेस्टमिन्स्टर येथील मेंडेझ कुटुंबाने इतर पालकांसह त्याविरुद्ध दावा लावला, १९४६ साली तो जिंकला आणि १९४७ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो निकाल कायम केला. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या मुख्य दरवाजातून आत येऊ दिले नव्हते, त्यांच्या नातवंडांनी शाळेच्याच सभागृहात नाचावे, हे काही थोडके नव्हे. तरीही पताका उतरविल्यानंतर त्या मुलाच्या पदरी काय उरते, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर शोधण्यास मेक्सिकोपर्यंत जावे लागत नाही; कोलकात्याच्या मिर्झा गालिब स्ट्रीटवर, जिला जुने लोक अजून फ्री स्कूल स्ट्रीट म्हणतात, एक शाळा हा प्रश्न दोनशे वर्षे सोडवीत बसली आहे.

तिचे नाव आर्मेनियन कॉलेज अँड फिलान्थ्रॉपिक अकॅडमी. नावात कॉलेज असले तरी ती मुलांची निवासी शाळा आहे. तिची स्थापना २ एप्रिल १८२१ रोजी झाली. योगायोग असा, की उपरोक्त पाच देशांनी स्पेनचे जू झुगारले ते त्याच वर्षाच्या सप्टेंबरात. पुढे १८८४ च्या सुमारास शाळा सध्याच्या वास्तूत आली. इंग्रज कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे १८११ साली याच जागी जन्मला होता. मुलींसाठी १९२२ मध्ये निघालेली डेव्हिडियन शाळा १९४९ साली हिच्यात विलीन झाली. आर्मेनियनांचा भारतातील इतिहास ज्याने आयुष्यभर खपून लिहिला आणि ज्याचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला, तो मेस्रोव्ब जेकब सेठ याच शाळेचा विद्यार्थी.

हे लोक येथे आले कसे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. इराणच्या शाह अब्बासाने १६०४-०५ च्या सुमारास आरस नदीकाठच्या जुल्फा नगरातील आर्मेनियन रहिवासी उठवून इस्फहानजवळ नव्या जुल्फात वसविले, आणि तेथून त्यांच्या व्यापाराच्या पेढ्या सुरत, आग्रा, मद्रास, मुर्शिदाबाद अशा सर्वत्र पसरल्या. आपल्या मुंबईच्या कोटात मेडोज स्ट्रीटवर त्यांचे छोटेखानी चर्च आजही उभे आहे. बंगालमध्ये तर त्यांचे वजन एवढे, की सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांची जमीनदारी इंग्रजांना १६९८ साली मिळाली, त्या वाटाघाटींत खोजा इस्राएल सरहद हा आर्मेनियन मध्यस्थ होता. पुढील पिढ्यांनी शहरात इमारती उठविल्या. चौरंगीवरील ग्रँड हॉटेल अराथून स्टीफनचे. हिंदुस्थानात आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर जिचा आवाज घरोघर पोहोचला, त्या गौहरजानचे वडीलही आर्मेनियनच होते.

मग ओघ आटला. स्वातंत्र्यानंतर पुष्कळ कुटुंबे ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिकेकडे निघून गेली आणि कोलकात्यातील आर्मेनियनांची संख्या इतकी घटली, की शाळेला वास्तू होती, व्यापाऱ्यांनी मागे ठेवलेल्या देणग्या आणि मिळकती होत्या, विश्वस्तांचे दप्तर होते, परंतु बाकांवर बसावयास गावातली मुले नव्हती. अशा वेळी बहुतेक संस्था फलक तेवढा ठेवतात. शहरातील ज्यू गर्ल्स स्कूल १८८१ ची; तिच्या नावात ज्यू आहे, पण आज तिच्यातील बहुसंख्य विद्यार्थिनी मुसलमान आहेत, आणि त्या शाळेने शिक्षणाचे आपले व्रत चालू ठेवले हे तिला भूषणावहच आहे. आर्मेनियन शाळेने निराळा मार्ग घेतला. तिने मुले बाहेरून आणली: इराणमधून, इराकमधून, खुद्द आर्मेनियातून. शिक्षण, निवास, भोजन, सारे विनामूल्य. विसाव्या शतकाच्या अखेरीस आर्मेनियन चर्चच्या एचमियाझिन येथील मुख्य पीठाने कारभारात लक्ष घातले आणि रोडावलेली शाळा पुन्हा नांदती झाली. मुलांची संख्या मोठी नाही, शंभराच्या आतच राहते.

येथे वारसा वेळापत्रकात बसविलेला आहे. इंग्रजी, गणित, शास्त्र यांच्या तासांना लागूनच आर्मेनियन भाषेचा, इतिहासाचा आणि धर्माचा तास येतो. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या भिक्षूने रचलेली ती लिपी मूल रोज गिरवते. त्यातही गंमत अशी, की इराणातून आलेला मुलगा जुन्या वळणाचे शुद्धलेखन घेऊन येतो, आणि आर्मेनियातून आलेली मुलगी सोव्हिएत अमदानीत सुधारलेले. एकच शब्द दोघे शेजारी बसून निराळ्या अक्षरांनी लिहितात. बाहेरून एकसंध दिसणारा वारसा आतून असा नेहमीच मतभेदांनी भरलेला असतो. अमेरिकेतील स्पॅनिश वारशाच्या महिन्यातही मेक्सिकन, क्यूबन आणि पोर्तो रिकन यांना एकाच मांडवाखाली बसवितात, आणि मांडवाबाहेर ते आपापल्या शेंगा-भाज्यांवरूनही वाद घालतात.

सण आहेत, पण ते या रोजच्या व्यवहारातून उगवतात. आर्मेनियनांचा नाताळ ६ जानेवारीला असतो. बडाबाजारच्या गर्दीत, आर्मेनियन स्ट्रीटवर १७२४ साली उभारलेले नाझरेथचे चर्च आहे. त्याच्या अंगणात पाय ठेवायचा तो थडग्यांच्या शिळांवरच, आणि त्यांतील रेझाबीबी नावाच्या स्त्रीची शिळा १६३० सालची मानतात, म्हणजे इंग्रजांचा जॉब चार्नॉक येथे येण्याच्या साठ वर्षे आधीची. नाताळच्या दिवशी येथे पाण्याचे भांडे मांडून त्यात पवित्र तेलाचे थेंब सोडतात, क्रूस बुडवितात, आणि ते पाणी मंडळी तीर्थासारखे घरी नेतात. स्तोत्रे म्हणणाऱ्या वृंदात शाळेतील मुले असतात. ज्या भाषेत स्तोत्रे आहेत, तिचा तास त्यांनी त्याच आठवड्यात केलेला असतो. मात्र कोलकात्याच्या सामान्य माणसास ही मुले ठाऊक आहेत ती रग्बीसाठी, आणि रग्बीचा आर्मेनियाशी काडीमात्र संबंध नाही! वारसा असाही मिळतो. वाटेत ज्याच्या घरी उतरलो, त्याचेही थोडे अंगाला लागते.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. २४ एप्रिलला हीच मुले १९१५ च्या आर्मेनियन वंशसंहारातील मृतांचे स्मरण करतात. लहान मुलांसमोर वारशाची गोड बाजू तेवढी ठेवावी, हा मोह सर्व शाळांना असतो. आम्हा मराठी माणसांना तर हा प्रश्न बंगालमध्ये फार जवळून भिडतो. १९०२ पासून सखाराम गणेश देउस्कर या मराठी वंशाच्या बंगाली लेखकाच्या खटपटीने कलकत्त्यात शिवाजी उत्सव होऊ लागला, १९०६ साली लोकमान्य टिळक त्यासाठी येथे आले, रवींद्रनाथांनी त्या निमित्ताने कविता लिहिली. हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच बंगालमध्ये बाळाला निजविताना आई जे अंगाईगीत म्हणते, त्यात बर्गी म्हणजे आपलेच नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार मुलूख लुटीत येतात, आणि त्यांच्या भीतीने १७४२ साली खणलेल्या खंदकाला इंग्रजांनी मराठा डिच असेच नाव दिले होते. परप्रांतातील आपल्या मुलांना उत्सव शिकवावयाचा तर खंदकही शिकविला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आर्मेनियन शाळेचा मार्ग निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. तेहरानचे किंवा बगदादचे मूल आईबापांपासून हजारो मैलांवर ठेवून जपलेल्या परंपरेची किंमत ते मूलच देत असते, आणि शाळा संपल्यावर त्यांतील फारच थोडे कोलकात्यात राहतात. देणग्यांचा एवढा भक्कम आधार प्रत्येक समाजाजवळ नसतो, हेही खरे. तथापि रोजच्या तासाला पर्याय नाही, एवढे या शाळेने निर्विवाद दाखविले आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. तेथील पालकांनी गणेशोत्सवातील मुलांच्या नाचाची तालीम करवून घेण्याइतक्याच आस्थेने आपल्या मुलास त्या वर्गात नियमाने पाठवावे, आणि मंडळांनी सभागृहाच्या सजावटीवरील खर्चाचा काही हिस्सा त्या शिक्षकांच्या पुस्तकांसाठी काढून ठेवावा.